आठशे मीटर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आता तरी का सांगतेय? — घरात ऐकायला दुसरं कुणी नाही, म्हणून असेल.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी नगरला शिक्षिकेचं शिक्षण घेत होते. वसतिगृहात माझ्या शेजारची खाट सकूची. भंडारदऱ्याकडची पोर. आम्ही दोघी आठशे मीटर पळायचो — ती पुढे, मी मागे. नेहमीच. पुण्याच्या स्पर्धेला जिल्ह्यातून एकच मुलगी जाणार होती. ती कोण, हे वेगळं सांगायला हवं?

तिच्या थोरल्या भावाला मात्र हे पळणं पसंत नव्हतं. बाईची कूस बिघडते म्हणे. त्यानं पत्र धाडलं — जगात कुठं बाया एवढं लांब पळत असल्या तर सांग, नाहीतर सोमवारी न्यायला येतो.

आणि रविवारी सकाळीच आम्हा मुलींना परदेशातल्या मोठ्या क्रीडास्पर्धांचा माहितीपट दाखवायला नेणार होते. सकू तापानं फणफणलेली. माझा हात धरून म्हणाली, "बायाबी आपल्यावानी पळत्यात का, नीट बघ गं. एक जरी दिसली तरी दादाला सांग. तुझं ऐकंल तो."

दिसल्या. एक नाही, सात-आठ जणी. आमच्यासारख्याच दोन फेऱ्या, केस घामानं कपाळाला चिकटलेले. थिएटरातल्या सगळ्या मुली पहिल्या आलेल्या बाईकडे बघत होत्या. मी दुसऱ्या आलेल्या बाईकडे.

परतले तेव्हा सकू खाटेवर उठून बसली होती — माझी वाट बघत.

"नाही गं," मी म्हणाले. "बायका नुसत्या शंभर मीटर पळतात."

अडखळले का? नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या भावालाही तेच सांगितलं, त्याच्या डोळ्यांत बघून. सकूनं ट्रंक भरली.

पुण्याला मी गेले. सहावी आले. परत आले तेव्हाही शेजारची खाट रिकामीच. तशी मैत्रीण मला पुन्हा झाली नाही — की मीच होऊ दिली नाही?

खूप वर्षांनी राजूरच्या स्टँडवर ती भेटली. कडेवर नात. मला बघून केवढी हरखली! म्हणाली, "बरं झालं, तवा खरं सांगितलंस. न्हाईतर पळन्यापायी दादाशी जन्माचं वाकडं झालं असतं."

तेव्हा सांगता आलं असतं. एस्टी यायला वेळ होता.

"हो ना," मी म्हणाले.

सकूशी खोटं, भावाशी खोटं, आणि हे तिसरं. पहिली दोन तरी पुण्यासाठी होती.