डाव्या विंगेतला कॅमेरा

एकतीस वर्षं कुजबुजराव डाव्या विंगेत एका डुगडुगत्या स्टुलावर बसले. मांडीवर नाटकाची वही, हातात टॉर्च. ते आमच्या नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर; कुजबुजराव हे कंपनीनेच पाडलेलं नाव. त्यांचा आवाज माझ्या कानापर्यंत यायचा आणि पहिल्या रांगेच्या अलीकडे थांबायचा. ही कला मला पुन्हा कुणात दिसली नाही. मी घेतलेल्या टाळ्यांतली प्रत्येक चौथी टाळी त्यांची. जाहिरातीत मात्र त्यांचं नाव कधी आलं नाही. मालक म्हणायचे, "प्रॉम्प्टरचं नाव छापायचं म्हणजे नटांचं पाठांतर नाही हे गावभर सांगायचं!"

कंपनी बंद पडली. त्यांच्या लेकीने आपला जुना कॅमेरा दिला आणि सहासष्टाव्या वर्षी हे गृहस्थ फोटो काढू लागले. वर्षभराने माझ्या दारात उभे.

"बाई, शनिवारी माझ्याबरोबर येता? फोटो दाखवायचेत. एकट्याला धीर होत नाही."

"मी काय करू तिथे?"

"शेजारी बसा. या खेपेला विंगेत तुम्ही."

एक स्टुडिओवाली दर शनिवारी दुपारी नवशिक्यांचे फोटो बघायची. मागच्या खोलीत दोरी बांधलेली. कपड्यांच्या चिमट्यांनी आपापले फोटो तिच्यावर लटकवायचे आणि निमूट ऐकायचं. वर्षातून एकदा त्यांतले आठ फोटो वाचनालयाच्या भिंतीवर लागत, खाली नावानिशी.

"एकदा नाव छापलेलं बघायचंय, बाई," कुजबुजराव जिन्यात म्हणाले. "मग कॅमेरा लेकीला परत."

त्यांनी फोटो लटकवले. न्हाव्याचा वस्तरा गालापासून बोटभर दूर. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, हातातला कप ओठांच्या अलीकडे. उडी मारणारी मुलगी अजून जमिनीवरच.

स्टुडिओवालीने चष्मा कपाळावर सरकवला. "उजेड छान पकडलाय. चौकटही नेटकी. पण काका, यात काहीच घडलेलं नाही. प्रत्येक वेळी तुम्ही जरा आधी बटण दाबलंय."

"काका गाडी यायच्या आधीच टाटा करतात," मागून एक बँकेतला कारकून म्हणाला. सगळे हसले.

सगळ्यांत मोठ्याने मी हसले, कारण दुखणं मला कळलं होतं. नट अडखळल्यावर शब्द देऊन उपयोग नसतो. तोवर अख्ख्या थिएटरला कळलेलं असतं. चांगला प्रॉम्प्टर ओठांकडे बघतो आणि शब्द क्षणभर आधी सोडतो. ती सवय आता बोटात उतरली होती. मी हे सांगितलं.

"इथे कुणी काही विसरलेलं नाही, काका," स्टुडिओवाली म्हणाली. "ज्याचं त्याला बोलू द्या, मग दाबा. पुढच्या शनिवारी निवड आहे."

आठवडाभर त्यांनी वहिनींना हैराण केलं. "आता पिऊ की नको? गार झाला की हो चहा!" मनात दोन अंक मोजून दाबावं, तर कप रिकामा.

शुक्रवारी माझ्याकडे आले. मी खिडकीपाशी खुर्ची ओढली. "आपल्या नाटकातल्या आईचं स्वगत म्हणते. सहाशे प्रयोग केलेत, झोपेतसुद्धा चुकणार नाही. तुम्ही फक्त थांबा."

ते जुन्या सवयीने माझ्या डावीकडे बसले. सुरुवात झकास झाली. चौथ्या वाक्याला पुढचा शब्दच आठवेना, समोर कोरी भिंत. मी डावीकडे पाहिलं. कुजबुजरावांच्या डोळ्याला कॅमेरा, ओठ मिटलेले. मी तशीच लोंबकळत राहिले. मग बटणाचा खटका वाजला, आणि त्यानंतर हलकेच शब्द आला.

"एवढा वेळ काय झोपला होतात?" मी कडाडले.

"तुम्हीच म्हणालात, थांबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो घेऊन आले. विग नाही, रंग नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची एक बाई, तोंड उघडं, एक हात अधांतरी, नजर कुणाला तरी शोधतेय. फोटो चांगला होता. तो चांगला आहे हे पाहताक्षणी कळलं, म्हणूनच मला राग आला.

"हा लावलात तर माझं पाठांतर गेलं हे गावभर होईल."

"म्हणून आधी तुम्हाला दाखवतोय. नको म्हणालात तर फाडतो. दुसरे आहेत."

"दुसरे कसे आलेत?"

"रिकामे कप आहेत," ते खाली बघत म्हणाले.

सहाशे प्रयोगांत मी कुठे कुठे अडले, हे या माणसाने वहिनींनासुद्धा सांगितलं नव्हतं. मी फोटो त्यांच्या हातात परत दिला.

"लटकवा. पण तो चिमटा माझ्या कपाळावर लावू नका."

स्टुडिओवालीने दोरीपाशी उभं राहून फोटो पाहिला. ती दोनच शब्द बोलली. "आता थांबलात."

वाचनालयात तो दाराजवळच्या भिंतीवर लागला. खाली छापलं होतं : 'छायाचित्र – कुजबुज'.

"अहो, खरं नाव का नाही दिलंत?"

"ते वाचून आपल्यातलं कोण ओळखणार, बाई?"

ते वर्तमानपत्रं लावायच्या लाकडी घोडीआड अंग चोरून उभे होते. कॅमेरा गळ्यातच होता. परत देण्याचं नाव नव्हतं. मी पदर सावरला, पोटातून श्वास घेतला आणि ती ओळ शेवटच्या कपाटापर्यंत पोचेल अशी वाचली. वाचणाऱ्यांच्या माना वर झाल्या. ग्रंथपाल खुर्चीतून अर्धवट उठले.

"बाई, हळू," कुजबुजराव म्हणाले. ते फक्त मला ऐकू आलं.