गेटबाहेरचा पाटा

टाकीवालीचा हात एकदा गालावरून फिरला की गाल संध्याकाळपर्यंत हुळहुळायचा. लहानपणी तो चुकवायला मी आईच्या मागे लपायची. ती चकलांब्याहून वर्षातून दोनदा बीडला, आमच्या कॉलनीत यायची आणि झिजून गुळगुळीत झालेल्या पाट्या-वरवंट्यांना छिन्नीने टाकी लावून पुन्हा खरबरीत करून द्यायची. मिक्सर घरोघरी आले तरी आमच्यासारख्या चार-पाच घरांत चटणी पाट्यावरच वाटली जायची.

काम घेण्याआधी ती पाट्यावरून तळवा फिरवायची आणि तोंड वाकडं करायची. "काय माय, पार आरसा करून ठिवलाय! ह्यावर मिरची वाटता का घसरगुंडी खेळता?" मग एक डोळा मिटून टाकटूक सुरू. काम झालं की मूठभर ज्वारी स्वतः वाटून फेकून द्यायची, म्हणजे दगडाची कच निघून जाते. एकदा आईने घाईत तिला "तेवढं राहू द्या" म्हटलं आणि बाबांच्या घासाला कचकन खडा लागला. पुढच्या खेपेला तिला सांगितलं, तर म्हणाली, "बरं झालं. साहेबाला कळलं तरी, चटणी दगडावर व्हती ते."

तिच्या तोंडाला मात्र लगाम नव्हता. उन्हाला शिवी, दगडाला शिवी, नवऱ्याला तर दोन. बायका तिच्याकडून टाकी लावून घ्यायच्या आणि मग खिडक्या लावून म्हणायच्या, "फार राठ बाई आहे." राठ हा शब्द आमच्याकडे घोंगडीला लावतात, केसांना लावतात आणि जिला गप्प बसवता येत नाही अशा बाईलाही लावतात.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कोपऱ्यावरच्या बंगल्यात एक काका राहायचे. अतिशय गोड बोलणं, सगळ्यांना 'बेटा'. एका दुपारी गल्लीत त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडेनात. टाकीवाली समोरच्या ओट्यावर काम करत होती. हातातली हातोडी तशीच घेऊन ती उठली. "ए मुडद्या, सोड हात! सोड, न्हाईतर बोटं ठेचीन!" त्यापुढचं इथे लिहिता येणार नाही, पण मला ते आजही तोंडपाठ आहे. काकांनी हात सोडला. मग मला म्हणाली, "तू कावून गप गं? तोंड हाय ना तुला?"

दोन दिवसांनी कॉलनीची बैठक झाली. काकांच्या हाताबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. टाकीवालीच्या भाषेबद्दल मात्र तासभर चर्चा झाली. "मुलाबाळांची वस्ती आहे," असं खुद्द काकाच म्हणाले. ठराव झाला, तिला गेटच्या आत घ्यायचं नाही. मी आईशेजारी बसले होते आणि तेव्हाही गप्पच होते. त्याची लाज मला अजून वाटते.

सहा महिन्यांनी तिची हाक गेटबाहेरून आली. माझी आई म्हणजे दूधवाल्याशीसुद्धा हळू बोलणारी बाई. तिने पदर खोचला, पाटा उचलून पोटाशी धरला आणि भर दुपारी कॉलनीच्या मधून चालत निघाली. मी वरवंटा घेऊन मागे. काका आपल्या बंगल्याच्या फाटकात उभे होते. आई त्यांच्यासमोर थांबली नाही की वळली नाही. गेटबाहेर रस्त्यावर पाटा ठेवून ती टाकीवालीला म्हणाली, "बसा बाई. इथं लावा टाकी." आणि स्वतः शेजारी मातीत बसली. थोड्या वेळाने अजून दोघी पाटे घेऊन आल्या.

टाकीवाली त्या दिवशी कुणालाच शिवी देऊ शकली नाही. नाक पुसत नुसती ठोकत राहिली.

गेल्या वर्षी ती वारली. आता तिची सून येते, आणि पाटे अजून गेटबाहेरच जातात. मी पोरांना घेऊन माहेरी येते. काका थकलेत, पण सवय गेलेली नाही. मागच्या महिन्यात शेजारच्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून "बेटा, बेटा" चाललं होतं. मी आमच्या ओट्यावरूनच सुरुवात केली, "ए मुडद्या" पासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकही न गाळता. गल्लीतल्या खिडक्या धडाधड लागल्या.

आमची तेवढी उघडली. आत आई उभी होती.