कामाचा शनिवार आणि काल्मानकाका

माझी मुलगी शनिवारी दुपारी तीनच्या आत प्तुय शहरात पोचेल की नाही, एवढंच मी काल्मानकाकांना तीन आठवडे विचारत होते. आणि तीन आठवडे त्यांचं एकच उत्तर होतं, "पोचेल तर नक्कीच, पिरोश्का. प्रश्न गाडी बदलायला वेळ किती मिळतो हा आहे."

काल्मानकाका आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. स्लोवेनियाच्या सीमेआधीचं आमचं जे शेवटचं स्टेशन, तिथे ते अडतीस वर्षं स्टेशनमास्तर होते. गाडी सोडण्याआधी पलीकडच्या स्टेशनला फोन करून विचारायचं, "घेता का?" पलीकडून "घेतो" आलं की मगच सिग्नल. अशा हजारो गाड्या त्यांनी सीमेपार पाठवल्या. स्वतः मात्र एकदाही गेले नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "तिकडे माझं काय काम?"

माझी बोरोका एकोणीस वर्षांची आहे. चर्चमधले मोठे ऑर्गन बांधायला तिला शिकायचंय. तीन कारागीर तिला भेटायला तयार झाले, दोन इटलीत आणि पहिला स्लोवेनियात, प्तुयला. हा पहिला सगळ्यात नावाजलेला आणि सगळ्यात तिरसट. पत्रात त्याने लिहिलं होतं, "शनिवारी तीन वाजता. उशिरा येणाऱ्याच्या हातात मी हत्यार देत नाही."

म्हणून बऱ्याच देशांत चालणारा रेल्वेचा पास काढला. जाहिरातीत म्हणे, हवं तिथे मनमोकळं फिरा! हातात आल्यावर कळलं की महिन्यात प्रवासाचे दिवस चारच, आणि स्वतःच्या देशात तो दोनदाच चालतो, एकदा बाहेर पडताना, एकदा परत येताना. काकांनी औषधाच्या दुकानाच्या कॅलेंडरमागे चार चौकोन आखले आणि रोज संध्याकाळी ते खोडून नव्याने आखायला लागले. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच टेबलावर, मी बटाटे सोलत असताना. चाळीस मिनिटांपेक्षा कमी वेळात गाडी बदलायची म्हटलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू मी पोरीला रुळावर झोपवायला निघालेय.

"काका, फोन सांगतो ना सगळं," बोरोका म्हणाली. "आणि फोन म्हणतोय, सीमेपलीकडची ती साडेदहाची गाडी शनिवारी नाहीच."

"फोनला काय कळतंय!" काका खूश झाले. "तो कामाचा शनिवार आहे, बाळ. हे बघ, वेळापत्रकात गाडीपुढे दोन हातोड्यांची खूण. कामाच्या दिवशी धावणारी. तुझा फोन साधा शनिवार समजून बसलाय."

आणि मी, शिकलेली बाई, मान डोलावली. आमच्याकडे गुरुवारी सण आला की सरकार जोडून शुक्रवारचीही सुट्टी देतं आणि बदल्यात एखादा शनिवार कामाचा ठरवतं. त्या दिवशी शाळा, कचेऱ्या, गाड्या सगळं रोजच्यासारखं चालू. आम्हाला तो शनिवार वाटतच नाही. म्हणून तर बोरोकाला मोटारीने सोडणं आम्हा दोघांनाही जमत नव्हतं. नवरा कारखान्यात, मी जमीन नोंदणी कचेरीत.

शनिवारी सकाळी काकांनी तिला आठ वेळा विचारलं, "पास चालू केलास का?" नवव्यांदा तिने नुसता फोन त्यांच्या नाकासमोर धरला. कटलेटं आणि ब्रेडचा डबा घेऊन ती गेली.

दहा वाजून वीस मिनिटांनी माझा फोन वाजला. कचेरीत माझ्या खिडकीसमोर नऊ माणसांची रांग होती.

"आई, सीमेपलीकडे उतरलेय, पण पुढची गाडी नाहीये. इथे चिटपाखरू नाही. फलकावर लिहिलंय, शनिवारी बंद. पुढची पाच वाजता."

मी खिडकीवर 'बंद'ची पाटी लावली आणि काकांना फोन केला.

"काका, स्लोवेनियात आज शनिवार आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे शनिवार! साधा, सुट्टीचा! आपलं सरकार त्यांचे वार बदलत नाही. तीन आठवडे, काका! तीन आठवडे चौकोन आखलेत तुम्ही!"

त्यांनी फोन ठेवला. सरळ ठेवून दिला. मग दहा मिनिटं लागेचना. त्या दहा मिनिटांत मी त्यांच्याबद्दल काय काय बोलले ते रांगेतल्या लोकांनी ऐकलंय, मी पुन्हा लिहीत नाही.

मग त्यांचाच आला. "आलोइझ निघालाय. मोटारीने. तिला पोचवतो म्हणाला."

"कोण आलोइझ?"

"पलीकडचा. 'घेतो' म्हणणारा. तोही आता घरीच असतो. आज तिकडे सुट्टी आहे," शेवटचं वाक्य त्यांनी फार हळू म्हटलं.

"कसा आहे माणूस? तुम्ही पाहिलंय त्याला?"

"नाही."

"कधीच नाही? आणि माझ्या मुलीला त्याच्या गाडीत—"

"पिरोश्का, सव्वीस वर्षं रोज फोनवर बोललोय. रूळ मोकळा नसताना त्या माणसाने एकदाही 'घेतो' म्हटलेलं नाही."

मी बोरोकाला गाडीचा नंबर पाठवायला सांगितला, दर पंधरा मिनिटांनी फोन करायला सांगितलं, आणि एका म्हाताऱ्याच्या शेताची नोंद त्याच्या शेजाऱ्याच्या नावावर चढवून पुन्हा खोडली.

दोन पस्तीसला निरोप आला. "पोचले. आलोइझकाकांनी वाटेत दोनदा थांबून चाकं तपासली. तुमचे काका अजून बोलण्याआधी खोकतात का, असं विचारत होते." पाच वाजता दुसरा आला, "रंधा हातात दिला!"

जिना चढून मी दोन्ही निरोप काकांना वाचून दाखवले. त्यांनी वर पाहिलं नाही. खोकले. टेबलावर परतीचा चौकोन नव्याने आखून तयार होता.

"यात काय चुकलंय?" मी विचारलं, कारण आता मी दोन्ही देशांचे वार तपासणार होते. "हे काय? पलीकडच्या स्टेशनवर दोन तास पन्नास मिनिटं? थंडीत गारठेल पोरगी. अहो, चाळीस मिनिटं खूप झाली म्हणता ना तुम्ही!"

"बोरोकाला पुरतील चाळीस."

"मग?"

त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक आधीच होतं.

"त्या दिवशी मलाही डबा दे, कटलेटं तीन जास्त तळ," ते म्हणाले. "आलोइझला आवडतात की नाही, हे कधी विचारायचं राहूनच गेलं."

मी पुन्हा एकदा वार तपासला. रविवार. दोन्हीकडे.