अप्पांची सुकेळीची पेटी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवासमोरही नाही — देवाला ठाऊकच असणार, त्याला वेगळं काय सांगायचं? तुम्ही समोर आहात म्हणून तोंड उघडतेय. आणि आधीच सांगते, मी काही गरीब गाय नव्हे. डूख धरला की धरला.

सांडोरला आमची केळीची वाडी. माझे वडील, अप्पा, राजेळी केळ्यांची सुकेळी करायचे — पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची. पण उघड्यावर माश्या, धूळ, कावळे! म्हणून अप्पांनी जुन्या खिडक्यांच्या काचा आणि काळा रंग फासलेला पत्रा जोडून एक पेटी बनवली. तेव्हा सौर ऊर्जा वगैरे शब्द आमच्याकडे कुणी ऐकले होते? गाव हसलं. सगळ्यांत जास्त हसला माझा चुलतभाऊ हेमंत. घरी पूजेला पाहुणे जमलेले असताना त्यानं त्या पेटीपुढे उदबत्ती लावली आणि टाळ्या वाजवत केळ्यांची आरती म्हटली. लोक पोट धरून हसले. अप्पाही हसले — काय करणार? दुसऱ्या दिवशी पेटी गोठ्यामागे गेली. त्यांनी पुन्हा तिला हात लावला नाही. त्या उदबत्तीचा राग मी लोणच्यासारखा मुरवला.

अप्पा गेले, वाडी माझ्याकडे आली. नव्वदच्या दशकात जिकडेतिकडे सौर, सौर सुरू झालं. तेव्हा हा हेमंत — वालीवला वर्कशॉप होतं त्याचं — एक दिवस टेम्पो घेऊन दारात हजर. मागे ते भंगार पडलंय ते नेतो म्हणाला, तुझी जागा मोकळी होईल. मी दिलं. वाटलं, पत्रा विकेल. मेल्यानं तीच पेटी स्टीलमध्ये उतरवली — काचेला तोच उतार, खाली तीच भोकं — आणि शेतकरी मेळाव्यात शाल-नारळ घेतला. भाषणात अप्पांचं नाव? छे! म्हणे, माझ्या डोक्यातली आयडिया. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. आतून नुसती जळत होते.

मग त्याचं अडलं. गावातल्या बायकांनी आपापल्या वाडीतले घड त्याच्या भरवशावर दिले होते. पहिला माल करायचा होता आणि सुकेळी करायची सवय त्याला कुठली? तो माझ्याकडेच आला — अप्पाकाका रात्री केळी पेटीतून बाहेर काढायचे का?

आमच्याकडे सगळे समजतात, रात्री सुकेळी पानांत गुंडाळतात ती दवापासून वाचवायला. मग बंद पेटीत दव कुठून येणार? पण खरी गोम वेगळीच आहे. सुक्या पानांत रात्रभर दाबून ठेवली की आतला ओलावा बाहेर येतो. नाहीतर वरून कडक, आतून ओली, आणि शेवटी आंबतात. हे अप्पांना पेटी वापरूनच कळलं होतं आणि त्यांनी ते फक्त मला सांगितलं होतं.

मी म्हटलं, "काढायची कशाला? अप्पा पेटी बंदच ठेवायचे."

"नक्की ना, ताई? अप्पाकाकांची शपथ?"

आणि मी — घेतली शपथ. कढी ढवळत होते, हातही थांबला नाही.

माल आंबला. सगळाच्या सगळा. हेमंतच्या अंगणात बुरशी धरलेल्या केळ्यांचा ढीग आणि भोवती चिडलेल्या बायका. मला तो आंबूस वास अत्तरासारखा वाटला, खोटं कशाला बोलू? त्याचं पडलेलं तोंड बघायलाच तर गेले होते. भोग आता, म्हटलं मनात!

पण तो काय म्हणाला, ठाऊक आहे? शाल घेताना जे त्याचं होतं ते आता अप्पांचं झालं. म्हणे, माझा काय दोष, डिझाइन अप्पाकाकांचं, पद्धत त्यांचीच, विचारा ताईला. शेजारची काकू तिथेच थुंकली — "म्हातारा येडाच होता. नाय ती थेरं! कोनी सांगितलं होतं त्याचं ऐकायला?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. एक वाक्य पुरलं असतं — अप्पांची पद्धत बरोबर होती, मी खोटं सांगितलं. पण मग त्या बायकांचे घड कुणी नासवले? मी. आणि हेमंत सुटला असता. तो सुटायला नको होता मला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, एवढंसुद्धा नाही.

पण मी नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. गप्प नाही बसले. मान डोलावली. काकूकडे बघून मीच म्हणाले, "हो ना काकू, डोकं फिरलेलंच होतं त्यांचं."