शाहूपुरीतले अनवाणी प्रेक्षक

माणसे जिथे काही करू शकत नाहीत आणि तरीही जागची हलत नाहीत, तिथे किस्से फार लवकर साठतात. लोकसाहित्याच्या अभ्यासात मी हे दवाखान्यांच्या व्हरांड्यांत पाहिले, निकालाच्या दिवशी शाळांच्या फाटकांपाशी पाहिले. निवृत्तीनंतर टेपा आणि टिपणवह्या ठेवायला कोल्हापुरात शाहूपुरीत एक खोली घेतली आणि खालच्या गाळ्यात रणजितचे गेमिंग कॅफे निघाले. तेव्हापासून किस्से गोळा करायला मला कुठे जावे लागलेले नाही. ते जिना चढून वर येतात.

या कॅफेतल्या मंडळींचा सगळा जीव एका माणसात अडकलेला आहे: मुरगूडचा अभिनंदन मगदूम, वय तेवीस. पाच जणांच्या संघाने खेळायचा बंदुकांचा एक गेम आहे. त्या गेमच्या देशपातळीवरच्या लीगमध्ये अभिनंदन पुण्याच्या एका व्यावसायिक संघाकडून खेळतो. शिकला तो याच कॅफेत. यंदा लीगने जाहीर केले, की पुढच्या हंगामापासून सगळे सामने या गेमच्या दुसऱ्या भागात होतील. जुना भाग बंद. पाठोपाठ संघानेही कळवले, की पाचही जागांसाठी नव्याने चाचणी होईल.

अभिनंदनची जागा राहते की जाते, एवढाच काय तो प्रश्न. परंतु तो पडल्या दिवसापासून आम्ही सगळे भ्यालो, आणि भ्यालेला समाज जे जे करतो ते ते आम्ही क्रमाने केले.

*

पहिली गोष्ट नावाची. दुसऱ्या भागाचे नाव कॅफेत कुणी उच्चारीनासे झाले. कुणी ठरवले नव्हते, ठराव झाला नव्हता. "ते", "नवीन ते", आणि शेवटी "पावणं" असा शब्द रूढ झाला. "पावणं कधी येणार?" "पावण्याचा व्हिडिओ बघितला काय?"

एके दिवशी कॉलेजचा एक अनोळखी विद्यार्थी आला आणि त्याने नाव घेऊन विचारले, की तो गेम इथे खेळायला मिळेल का. रणजित खुर्चीतून उठला.

"हितं त्येचं नाव घ्याचं न्हाय."

"का हो?"

"अजून पोराची चाचणी व्हायची हाय."

विद्यार्थी कसनुसा हसून निघून गेला. मी मंडळींना समजावून सांगितले, की यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्याकडे दिवेलागणीनंतर सापाचेही नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. ज्याची धास्ती असते त्याला नावाने हाक मारायची नाही, हा फार जुना संकेत आहे.

मंडळींतली वैशाली शांतपणे म्हणाली, "सर, सापाला निदान इंजेक्शन तरी हाय की."

*

वैशाली गारगोटीची. शाहूपुरीतच एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते आणि दुपारच्या सुट्टीत कॅफेत येऊन डबा खाते. नव्या गेमच्या बाजूने बोलणारी आमच्यातली ती एकटीच. विरुद्ध पक्ष सुबरावतात्यांचा. तात्या डेअरीच्या दुधाचा टँकर चालवतात, पन्नाशी उलटलेली आहे, आणि स्वतः त्यांनी आयुष्यात माऊस हातात धरलेला नाही. पण अभिनंदनचा एकही सामना त्यांनी चुकवलेला नाही.

या दोघांचा वाद म्हणजे आमचे रोजचे कीर्तन. तात्यांचा आक्षेप असा:

"अगं, जुन्यात पाय वाजायचा. पत्र्यावर पत्र्यागत, फरशीवर फरशीगत. ह्यात सगळी हवेतनं चालल्यागत चालत्यात. गेम हाय का भुताची वरात?"

"तात्या, नवा चष्मा लावला की आठ दिवस पायरी खाली-वर दिसतीच. म्हणून काय जिना चढायचा न्हाय?"

"चष्मा माणूस आपल्या मर्जीनं बदलतोय. हितं कंपनीनं इचारलं का कुणाला?"

वैशालीने डब्याचे झाकण लावले. "डोळं बी इचारून जात न्हाईत, तात्या."

त्या दिवशी वाद तिथेच संपला, आणि तात्या दोन दिवस कॅफेत आले नाहीत.

*

पायांच्या आवाजाचे इतके महत्त्व का, ते सांगायला हवे. अभिनंदन कानाने खेळतो. समोरचा खेळाडू दिसण्याआधी तो त्याच्या पावलांवरून दिशा ओळखतो आणि बंदूक रोखून थांबतो. घरच्या गोठ्यात पाठ करून बसलेला असताना चार म्हशींपैकी कुठली उठली हे त्याला लहानपणापासून कळते, असे त्याचे वडील सांगतात.

यावरून कॅफेत एक प्रघात पडला. सामना पुण्यात सुरू झाला, की शाहूपुरीत आम्ही चपला बाहेर काढतो. पंखा बंद. कोल्ड्रिंकचा फ्रिज घुमतो म्हणून तोही बंद. बोलणे नाही, खोकणे शक्यतो नाही. अभिनंदन सुट्टीवर आला की त्याच्या बाबतीतही हेच. त्याच्या पाठीमागून कुणी हाक मारत नाही. काही सांगायचे असेल तर वळसा घालून समोर यायचे. देवाच्या मूर्तीसमोर जसे वागावे तसे आम्ही त्या पोराच्या कानांसमोर वागतो. आमच्या शांततेचा पुण्यात काडीचा उपयोग नाही, हे सर्वांना माहीत आहे. असल्या समजुतींवर मी वर्षानुवर्षे व्याख्याने दिली. चप्पल मीही काढतो.

जुन्या गेमच्या शेवटच्या सामन्याला एक गृहस्थ झेरॉक्सचे दुकान शोधत आत आले. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत घामाने निथळणारी, माना खाली घातलेली वीस माणसे. त्यांनीही चप्पल काढली, हात जोडले आणि हळूच रणजितला विचारले, "कोण गेलं म्हणायचं?"

रणजित पडद्यावरची नजर न काढता कुजबुजला, "अजून कोण न्हाय. दुसरा राऊंड चाललाय."

*

पावणं आले ते एका बुधवारी. पाच नंबरच्या कॉम्प्युटरवर नवा गेम उतरून तयार झाला आणि पडद्यावर एक हिरवे बटण आले. ते पहिल्यांदा कुणी दाबायचे?

रणजित म्हणाला, माझी गुरुवारपासनं साडेसाती सुटतीया, आज नको. तात्यांनी तर हात पाठीमागे बांधून घेतले. वैशाली दुकानात होती. अखेर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

"सर, तुम्ही दाबा."

"मीच का?"

"तुम्हाला काय व्हत न्हाय. तुम्ही असल्या गोष्टींवर पुस्तकं लिवल्याती."

हा युक्तिवाद मला आजवर कुणी ऐकवला नव्हता. मी बटण दाबले. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. मी आत कितीही विवेक बाळगून असलो तरी त्या काही क्षणांत माझ्या उजव्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्या आल्या, आणि तसे मी बोलूनही दाखवले.

तात्या मागून म्हणाले, "गेलं. कॉम्प्युटरबी गेला आणि सरबी."

मग पडदा उजळला.

*

याच्या पुढच्या आठवड्यात तात्या गारगोटीहून एक भयंकर बातमी घेऊन आले. नवा गेम खेळणाऱ्याचा उजवा हात कायमचा लुळा पडतो. एक शिकलेला माणूस नुसता हात लावायला गेला, तर खांद्यापासून खाली वारे गेले. आता त्याला घास भरवावा लागतो.

अफवेला पहिला सांगणारा कधी सापडत नाही, हा आमच्या शास्त्रातला जवळजवळ नियमच आहे. मी ठरवले की या एका अफवेचा तरी माग काढायचा. तात्यांना ती गारगोटीच्या चहावाल्याने सांगितली होती. चहावाल्याला फोन केला. त्याला ती त्याच्या मेहुण्याकडून कळली. मेहुणा कोल्हापुरात मोबाईल दुरुस्त करतो. तो म्हणाला, मला रणजितनेच सांगितले.

मी जिना उतरून रणजितला गाठले. "तुला कुणी सांगितले?"

त्याने माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. "सर, तुम्हीच की. मुंग्या आल्या म्हणालता न्हवं?"

*

यानंतरचा प्रसंग हसण्यासारखा नाही, पण तो वगळला तर पुढचा कळणार नाही.

एका दुपारी पुण्याहून अभिनंदनचा फोन आला. रणजितने तो स्पीकरवर टाकला.

"कसं चाललंय, अभ्या?"

"कसलं काय, दादा. काल दोघं डावीकडनं आलं आणि मी उजवीकडं भिंतीत गोळ्या घालत बसलो. कोच म्हणाला, त्या भिंतीनं तुझं काय घोडं मारलंय?"

आम्ही हसलो. तो हसला नाही.

"ह्या गेममध्ये डावीकडनं आवाजच येत न्हाय. ती बाजूच काढून टाकल्यागत केलीया त्यांनी. दुसरा हेडफोन घेतला, तरी तेच. महिन्याभरात जमलं न्हाय तर घरी या म्हणालेत. मग म्हशी हायतच."

"बाकीच्या चौघांना येतोय आवाज?" वैशालीने विचारले.

फोनवर हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"ती बघून खेळत्यात, ताई. त्यास्नी कान लागत न्हाय."

फोन संपल्यावर वैशाली पाच नंबरवर बसली, हेडफोन चढवला आणि बराच वेळ तो गेम खेळत राहिली. मग हेडफोन उतरवून म्हणाली, "मला येतोय की डावीकडनं."

"तुला जुन्याची सवय न्हाय म्हणून," रणजित म्हणाला. त्या उत्तराला काही अर्थ नव्हता. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

*

कंपनीला पत्र पाठवायचे ठरले. इंग्रजी माझे, मजकूर तात्यांचा.

"लिवा सर. म्हणावं, डावीकडचा आवाज परत द्या. म्हणावं, तुमच्या खेळापायी आमचं पोर घरी बसायला लागलंय. त्येला दुसरं काय येत न्हाय म्हणावं."

मी त्याचे शक्य तितके संयत भाषांतर केले. खाली सत्तावीस जणांनी सह्या केल्या. वैशालीने पेन परत दिले.

"माझं नाव नको, तात्या."

"का? फुटलीस व्हय?"

"मला ऐकू येतंय. खोटी सही कशाला?"

तात्यांचा चेहरा पडला. "एका सहीनं तुझं काय झिजतंय?" त्या दिवसापासून अभिनंदनचे जुने व्हिडिओ मोबाईलवर पुन्हा पुन्हा पाहताना मी तिला पाहिले.

चार दिवसांनी उत्तर आले: आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. मी ते मराठीत वाचून दाखवले. तात्या निराश झाले.

"सर, हे आमचंच पत्र हाय. दुधाला वास आला म्हणून तक्रार आली की आमची डेअरी हेच धाडती."

पण त्यानंतर दोन आठवड्यांनी खरोखरच गेममध्ये बदल झाला. कंपनीच्या टिपणात एक ओळ होती: पावलांच्या आवाजाची दिशा आता अधिक स्पष्ट ऐकू येईल. तात्यांनी टँकर रस्त्याच्या कडेला उभा केला आणि पेढे घेऊन आले. पहिला पेढा त्यांनी वैशालीला दिला. तिने तो डब्यात ठेवला.

*

शनिवारी अभिनंदन एका दिवसासाठी आला. अखेरची चाचणी सोमवारी होती. आमच्यासमोर नवा आवाज पारखून मगच पुण्याला जायचे असे त्याने ठरवले होते. दुपारची वेळ, बाहेर शाहूपुरीची वर्दळ. आम्ही चपला काढल्या, पंखा बंद केला. तो पाच नंबरला बसला. त्याच्या उजव्या हाताला रस्त्याचे दार, डाव्या हाताला आतले स्वयंपाकघर.

तीन डाव खेळला, तिन्ही हरला. दर वेळी मारणारा डावीकडून आला. तिसऱ्या डावानंतर त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"अजून नीट केलं न्हाय त्यांनी," तो म्हणाला.

"करतील, करतील," तात्या म्हणाले. "आणि एक पत्र लिवू. सरांना येळच येळ हाय."

अभिनंदन हसला. रणजित त्याच्या समोर येऊन उभा राहिला, आणि दोघे मुरगूडच्या कुणा मित्राच्या लग्नाविषयी बोलू लागले. बोलण्याच्या ओघात सगळे जरा सैल झाले. वैशाली आतून चहाचे पेले घेऊन आली. ते वाटून झाल्यावर रिकामे स्टीलचे ताट हातात घेऊन ती अभिनंदनच्या मागे, डाव्या खांद्यापासून दोन पावलांवर थांबली. आमच्यातले कुणीही त्याच्या मागे असे कधी उभे राहत नसे.

ते ताट तिच्या हातून सुटले की तिने सोडले, हे मी तिला अजून विचारलेले नाही.

फरशीवर ते असे काही वाजले, की रणजितचा चहा सदऱ्यावर सांडला. आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी तिच्याकडे पाहिले.

अभिनंदन दचकून झर्रकन उजवीकडे वळला आणि उघड्या दाराकडे पाहत राहिला. तिथे कुणीही नव्हते.

"दारात काय पडलं?" त्याने विचारले.

वैशाली ताटासाठी वाकली नाही. रणजित सदरा झटकायचा थांबला. तात्यांनी एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा त्याच्या पाठमोऱ्या मानेकडे, आणि मग वळसा घालून ते त्याच्या समोर गेले.

"काय न्हाय," ते म्हणाले. "मांजर गेलं. खेळ तू."