टाकीवरचं नाव

पहिलं नाटक बसवलं तेव्हा माझी सगळी पुंजी म्हणजे पुण्यातल्या पंधरा दिवसांच्या नाट्यशिबिराचं प्रमाणपत्र. ते फ्रेम करून मी भिंतीवर अशा जागी लावलं होतं, की आल्यागेल्याला ते वाचल्याशिवाय पाण्याचा तांब्या सापडू नये. शिबिरात मी एका नाटुकल्यात झाड झाले होते. झाडाला संवाद नव्हते. तरी गावात उतरले ती दिग्दर्शिका होऊनच.

गाव इंदापूर तालुक्यातलं, वालचंदनगरच्या वाटेवरचं. नवरा तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचा, म्हणून मी आपोआप 'बाई' झाले. वय सव्वीस. मी नवऱ्याला नावानं हाक मारायचे. तीही घरात नाही, अंगणात उभं राहून, चारजणींना ऐकू जावी अशी. आपण केवढी क्रांती करतोय या आनंदात दिवस छान जायचे.

जत्रेतलं नाटक तोवर पुरुषांचं असायचं. बायकांची कामंही पुरुषच करत, नाहीतर बाहेरगावाहून नटी आणत. गावच्या बायका मागं बसून बघायच्या. मी महिला मंडळात जाहीर केलं, की यंदा सगळी कामं बायका करतील, पुरुषांचीसुद्धा. मिशा आपण लावू. बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि चक्क तयार झाल्या. नाटक अर्थात मीच लिहिलं. गावची विहीर एकाच्या घशात जाऊ घातलेली, सभा भरलेली, सगळे गप्प. नायिकेचा नवराही मान खाली घालून बसलेला. शेवटी ती चावडीच्या दारात येऊन त्याला भर सभेत नावानं हाक मारते, तो उठतो, बोलतो, विहीर वाचते. सगळं नाटक त्या एका हाकेवर उभं होतं.

नायकाला भारदस्त नाव हवं होतं. ते मला शाळेच्या पाण्याच्या टाकीवर सापडलं. टाकी बांधून देणाऱ्याचं नाव तिथं संगमरवरात कोरलेलं होतं. दगडावर नाव म्हणजे माणूस गेलेला, असा माझा शहरी हिशोब. कै. लिहिलंय का ते बघायचं सुचलं नाही. नाव इतकं आवडलं, की नाटकालाही तेच दिलं. इंदापूरच्या छापखान्यातून हँडबिलं आली, पेंटरनं गावातल्या चार भिंती रंगवल्या.

नायिका मला शोधावी लागली नाही, ऐकू आली. आमच्या घरामागं ओढा, पलीकडं भेंडी-वांग्याचा मळा. त्या घरची थोरली सून माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, मी तिला वहिनी म्हणायचे. त्या काळी वीज केव्हा यायची त्याचा नेम नव्हता. आली की बाईनं घराच्या दारातून हाक मारायची आणि रानात असलेल्या नवऱ्यानं हातातलं टाकून विहिरीवरची मोटर सुरू करायला पळायचं, अशी घराघरातली रीत. वहिनींची हाक ओढा ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात यायची आणि डब्यांची झाकणं वाजायची. तालमीत मी इतरजणींना रोज ऐकवायचे, "आवाज घशातून नको, पोटातून काढा." वहिनींना मात्र काही सांगावं लागलं नाही.

एक गोष्ट तेवढी विलक्षण होती. हाकेची जागा आली, की वहिनी दारात यायच्या, तोंड उघडायच्या आणि थांबायच्या. मग हलकंसं खोकायच्या आणि पुढचं वाक्य घ्यायच्या. नाव नाहीच. मी भारावून जायचे. बाकीच्यांना म्हणायचे, "बघा! याला विराम म्हणतात. न उच्चारता उच्चारणं. हे शिकवून येत नाही." बायका पदरात तोंड खुपसून गदगदा हलायच्या. मला वाटायचं, कलेनं हलतायत.

तीन आठवडे मी त्या खोकल्याचं कौतुक केलं.

प्रयोगाला दोन दिवस राहिले तेव्हा रंगीत तालीम घेतली. मी म्हटलं, "वहिनी, आज विराम नको. आज नाव पाहिजे. खणखणीत."

वहिनी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिल्या. "न्हाय घेता येत."

"का?"

शेवटी नवऱ्याचं काम करणारी, पिठाच्या गिरणीवाली उंच बाई, ओठावरची मिशी धरून म्हणाली, "बाई, त्यांच्या सासऱ्यांचं नाव हाय ते. तात्यांचं."

तात्यांना मी रोज बघायचे. टोपी तिरकी, सायकलच्या हँडलला भाजीची पिशवी. त्यांना तात्यापलीकडं नाव असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सासऱ्याचं नाव या भागातली सून मरेस्तोवर तोंडात घेत नाही हे तर गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत.

"पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का?"

"कसं सांगू?" वहिनी म्हणाल्या. "कोनतं नाव ते सांगाया ते घ्यावं लागतंय की. आन् तुमी इतकं मन लावून लिवलेलं."

"मग तुम्ही सगळ्याजणी?"

"आमाला वाटलं बाईंना ठाव असंल," गिरणीवाली म्हणाली. "शिकलेल्या हाय तुमी. मुद्दाम घातलं असंल काय तरी."

इथं शहाण्या माणसानं नाव बदललं असतं. पण भिंती रंगल्या होत्या, हँडबिलं बारामतीपर्यंत गेली होती, आणि मी सव्वीस वर्षांची होते. मी भाषण ठोकलं. रंगभूमीवर सून नसते, नटी असते, म्हटलं. जुनी बंधनं, म्हटलं. किती दिवस तुम्ही असं दबून राहणार, म्हटलं. ते भाषण आज आठवलं की मी एकटी असले तरी कान झाकून घेते.

वहिनींनी ऐकून घेतलं. अंगावरचं नाटकातलं हिरवं लुगडं सोडलं, चार घड्या केल्या, माझ्या हातात दिलं. "जमायचं न्हाय आमाला," एवढंच म्हणाल्या आणि ओढ्याकडं चालायला लागल्या. त्यांना घरकामातून, मळ्यातून, दोन पोरांतून वेळ काढून रोज तालमीला येताना मी बघितलं होतं. कधी हातांना भेंडीची कुसळं लागलेली असायची, मग संवाद म्हणता म्हणता त्या हात खाजवायच्या. एक दिवस चुकवला नव्हता. ते सगळं त्या लुगड्याच्या घडीत माझ्या हातात आलं.

"काही अडत नाही," मी उरलेल्यांना सांगितलं. "नायिकेचं काम मी करते."

केलंही. दारात आले, छाती भरून हाक मारली. गिरणीवाली जागची हलली नाही.

"उठा ना!"

"बाई, राग नका धरू," ती म्हणाली. "पन या हाकंनं नवरा काय, चुलीम्होरलं मांजर बी उठायचं न्हाय."

रडू नको तिथं यायला लागलं. नाटक पडणार हे कळत होतं. त्याहून जास्त कळत होतं, की आपण एका बाईला दारातून परतवून लावलंय आणि आता तिची माफी मागायला ओढा ओलांडायची हिंमत आपल्यात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याच आले. अंगणात सायकल लावली. मागं वहिनी, पदर डोक्यावर. मला वाटलं, हँडबिलावर आपलं नाव बघून म्हातारा खवळलाय, आता नाटक बंद.

"मास्तरीणबाई," तात्या म्हणाले, "समद्या भिंतीवर मीच हाय. पोरं म्हन्त्यात, तात्या, तुमचं नाटक आलंय, तिकीट किती. बरं, आलंय तर आलंय. पन माझ्या नावाचं नाटक आन् माझीच सून घरी बसली, ह्ये कुठला न्याय?"

"तात्या, चूक माझी. टाकीवर नाव वाचलं, मला वाटलं तुम्ही..."

"मेलोय?"

तात्या इतके हसले, की टोपी पडली. मग सुनेकडं वळून म्हणाले, "घे माझं नाव. म्या सांगतो. मी रागवत न्हाय, गाव बी काय म्हनत न्हाय."

मी वहिनींकडं बघितलं. माझ्या भाषणाच्या हिशोबानं बेड्या आता तुटल्या होत्या.

"मामंजी, तुमी कवा अडीवलं मला?" वहिनी म्हणाल्या. "तुमी सांगितलं म्हून घ्यायचं आन् न्हाय सांगितलं म्हून न्हाय घ्यायचं, असं हाय व्हय? माझं तोंड हाय. मला न्हाय घ्यायचं." मग माझ्याकडं वळल्या. "बाई, लुगडं द्या. मला दारात उभं करा. हाक कशी मारायची ते माझं मी बघते."

"पण हाकेत काय म्हणणार?"

"त्ये तितं कळंल."

आतून लुगडं आणलं आणि ते हातात घेऊन मी उभी. प्रमाणपत्रात याचं उत्तर नव्हतं. मी लुगडं दिलं. दिग्दर्शिका म्हणून आयुष्यात मी घेतलेला पहिला शहाणा निर्णय तो, आणि तोही दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून घेतलेला.

प्रयोग शाळेच्या मैदानावर होता. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून रंगमंच, मागं सतरंज्यांचा पडदा. दिवेलागणीलाच मैदान भरलं. जळोचीचे पाहुणे, काटेवाडीचे पाहुणे, आणि पुढं अगदी मधोमध तात्या, नवी टोपी घालून. बायका नाटक करणार म्हणजे नेमकं काय करणार हे बघायला पुरुषांची ही गर्दी. कुजबुज, शिट्ट्या. पहिला अंक कसाबसा पार पडला. गिरणीवालीची मिशी एका बाजूनं सुटली, तर प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "मालक, दळान टाकायचं हाय!" मी पडद्याआड नखं कुरतडत उभी.

सभेचा प्रवेश आला. सगळे गप्प बसलेले, गिरणीवाली मान खाली घालून. वहिनी दारात आल्या, थांबल्या. मी मनात म्हटलं, आता खोकला.

खोकला आला नाही. वहिनींनी श्वास घेतला आणि ओढ्यापलीकडून रोज ऐकलेली ती हाक तिथं, त्या ट्रॉलीवरून, समोरच्या सगळ्या गावावर सोडली.

"अवोऽऽऽ!"

एक क्षण काही झालं नाही. मग मैदानात ठिकठिकाणी पुरुष उठून उभे राहिले. पाच, सात, किती ते मोजायला भान कुणाला होतं. एक जण "आलो, आलो" म्हणत पायातली चप्पल शोधायला लागला. दोघं तर मोटरीकडं निघालेसुद्धा. वीज आली अशी हाक ऐकली की पाय आपसूक उठायचे, त्याला ते तरी काय करणार! मागच्या रांगेत वहिनींचा खरा नवरा उभा होता, हात धोतराला पुसत.

"खाली बसा रं!" तात्या ओरडले. "नाटक हाय त्ये!"

मग जे हसू फुटलं ते ओसरेना. आणि त्या हसण्यातच, मी बजावून ठेवलेलं सगळं विसरून, गिरणीवाली सभेतून ताडकन उठली आणि विहिरीवरचं आपलं भाषण बोलायला लागली. हसू कधी थांबलं कळलं नाही. शेवटच्या वाक्याला मैदान चिडीचूप होतं. आपण त्या हाकेला उठलो, हे उठलेल्यांना कळलं होतं, बसलेल्यांनाही कळलं होतं. विहीर वाचली. नाटकही वाचलं. आणि मी.

पुढं चाळीसेक वर्षं मी बारामती-इंदापूर भागात बायकांना घेऊन नाटकं केली. अंगणात, मंगल कार्यालयात, गणपतीच्या मांडवात, पुढं बारामतीच्या मोठ्या नाट्यगृहातही. लोक विचारतात, तुमची पद्धत काय. माझी पद्धत एकच, आणि ती ओढ्यापलीकडून आलेली. पहिल्या वाचनाआधी सगळ्याजणींना गोल बसवायचं आणि कुणी कोणतं नाव घ्यायचं नाही ते विचारायचं. स्वतःचं स्वतःला सांगता येत नाही, म्हणून शेजारणीनं शेजारणीचं सांगायचं. ती नावं संहितेतून बाद. परवा एका तालमीत शेजारणीनं एक नाव सांगितलं आणि वर म्हणाली, "हे हिच्या सासरचं न्हाय हां." सगळ्या हसल्या, ती मुलगी लाल झाली. मी काही विचारलं नाही. नाव गाळलं. या लेखातही कुणाचं नाव नाही, ती त्याच सवयीची गोष्ट. वहिनी आता चष्मा लावून सगळं वाचतात.

मागच्या महिन्यात त्यांना भेटायला जळोचीला गेले. लेकानं तिथं घर बांधलंय, मागं चार वाफे मेथीचे. वहिनींचे मालक जाऊन सहा वर्षं झाली. तात्या तर केव्हाच गेले, टाकी अजून आहे. चहा झाला, जुनं सगळं निघालं. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी घरीच बसला असतात, तर मी पुन्हा नाटक केलं नसतं. हे कधी सांगितलंच नाही तुम्हाला. त्या भाषणाची माफीही मागितली नाही."

"आता मागा की," वहिनी म्हणाल्या.

मी मागितली. त्यांनी मान डोलावली, अगदी हक्काची वस्तू घ्यावी तशी. मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "भाषान लई लांबलं होतं पन तुमचं."

तेवढ्यात रस्त्यावरून हॉर्न वाजला. माझं म्हातारं गाडीत बसून कंटाळलं होतं. मी सवयीनं त्याच्या नावानं हाक मारली. हॉर्न चालूच. पुन्हा मारली. हॉर्न चालूच.

"आमची हाक मारून बगा," वहिनी म्हणाल्या.

मी हसले. पण उठले, मेथीच्या वाफ्यापाशी उभी राहिले, आणि बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा म्हटलं, "अहो..."

"ह्यॅ." मागून आवाज आला. वहिनी खुर्चीतून उठून काठी टेकत माझ्याजवळ आल्या. माझी पाठ सरळ केली, हनुवटी वर केली, पोटावर दोन बोटं ठेवली. "घशातनं न्हाय, बाई. हितनं काढा. परत."

मी परत मारली.