जमा केलेला विळा

चामोर्शीच्या आठवडी बाजारात मी अवजारांचं दुकान लावतो. ज्यानं माझ्या थोरल्या भावाला कुऱ्हाडीनं मारलं, तो दर बाजाराला समोरून जातो, मान खाली घालून. मारताना तो वेडा होता, म्हणून सुटला. दोन वर्षं वेड्यांच्या इस्पितळात राहून घरच्यांच्या हमीवर परत आला. मारलं त्यानंच, हे निकालाच्या कागदात आहे. गावानं फक्त ‘निर्दोष’ ऐकलं.

निकालाच्या दिवशी मी सरकारी वकिलावर ओरडलो, "वेडात मारलं, पण मारलं, असं भर कोर्टात म्हणा! सुटल्यावर त्याच्यावर नजर कोण ठेवणार?"

"नजर ठेवायचं कायद्यात नाई, भाऊ."

"मग कायदा बदला!"

इस्पितळातून परतल्यावर पहिल्याच हंगामात तो बायकोला घेऊन माझ्याकडे विळा घ्यायला आला. गिऱ्हाईक अंगठ्यानं धार पाहतं. हा तर हात पाठीशी बांधून उभा राहिला. विळा बायकोनं निवडला. भाव मात्र त्यानंच पाडला.

"पागलाले भाव बरा समजते रे!" मी म्हणालो.

"आता समजते जी."

धान कापून झाल्यावर तोच विळा घेऊन तो परत आला.

"हा तुमच्यापाशीच ठेवा जी. पुढच्या कापणीले नेईन."

"काऊन? माझं दुकान पोलिसांचा मालखाना आहे काय?"

"घरी लेकरं आहेत जी. मले माझा भरोसा नाई."

तेव्हापासून दरवर्षी तो विळा नेतो आणि आणून देतो. नजर कोणी ठेवायची, हे कायद्यानं ठरवलं नाही. त्यानं ठरवलं, आणि नेमलं मला. जन्मभर मी घासाघीस केली, पण हा सौदा आहे तसा घेतला. गंजू नये म्हणून विळ्याला तेलही मीच लावतो.